मार्क्सच्या काळपुळ्या आणि कातडीतली भुयारं

कार्ल मार्क्स आणि एंगल्स यांच्या पत्रांचे खंड मी हाती घेतले ते अर्थशास्त्रासाठी नव्हे, काळपुळ्यांसाठी. त्वचारोगाच्या डॉक्टरला असलं वेड लागू शकतं. १८६३ पासून पुढे कित्येक वर्षं मार्क्स आपल्या मित्राला गळवांची खबर देत राहतो. एक बसतं न बसतं तोच शेजारी दुसरं डोकं वर काढतं. कधी बसणं अशक्य, कधी चालणं. फेब्रुवारी १८६६ मध्ये तर त्याने स्वतःच वस्तरा घेऊन एक गळू फोडलं. एंगल्सने मँचेस्टरच्या डॉ. गुम्पर्टचा सल्ला घेतला, त्यांनी सोमल सुचवला. मग समुद्राच्या हवेसाठी मार्गेटला मुक्काम. 'भांडवल'चा पहिला खंड १८६७ मध्ये छापून होत असताना मार्क्सने एंगल्सला लिहिलं, की बूर्झ्वा मंडळींना आपल्या काळपुळ्यांची मरेपर्यंत आठवण राहावी!

२००७ मध्ये सॅम शुस्टर या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञाने ही पत्रं केसपेपरसारखी वाचली. काख, जांघ, गुदद्वाराभोवतीची आणि जननेंद्रियांजवळची जागा, पुन्हा पुन्हा तिथेच उठणारी गळवं. त्याने निदान केलं: हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा, थोडक्यात एचएस. मला ते पूर्ण पटतं. मात्र मार्क्सच्या परात्मभावाच्या विचाराचं मूळही शुस्टर या दुखण्यात शोधतो, ते पटत नाही. तो विचार १८४४ च्या हस्तलिखितांत आहे, पत्रांतलं मोठं दुखणं त्यानंतर कितीतरी वर्षांनी सुरू होतं.

मला अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. १८४४ मध्ये मार्क्स पॅरिसमध्ये राहत होता. त्याच शहरात वेल्पो नावाच्या शल्यविशारदाने १८३९ मध्येच अशा गळवांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. १८५४ मध्ये पॅरिसच्याच व्हर्नेयने त्याला स्वतंत्र रोग मानलं. मार्क्सने वस्तरा उचलला तो त्यानंतर बारा वर्षांनी. माहिती होती, रोग्यापर्यंत पोहोचली नाही. आजही निदान व्हायला सरासरी सात ते दहा वर्षं जातात.

व्हर्नेयने दोष दिला घामाच्या ग्रंथींना, आणि तो समज शंभर वर्षं टिकला. खरी सुरुवात केसाच्या मुळाशी होते. त्याचं तोंड आतल्या आत बुजतं, ते फुगतं आणि कातडीखाली फुटतं. आतला ऐवज बाहेर पडताच शरीराची संरक्षणयंत्रणा त्यावर तुटून पडते आणि थांबायचं विसरते. म्हणजे हा अस्वच्छतेचा रोग नाही, संसर्गजन्यही नाही.

बाकीची माहिती थोडक्यात: रोग बहुधा वयात आल्यानंतर सुरू होतो. युरोप-अमेरिकेत बायकांत जास्त, जपान-कोरियात पुरुषांत. काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो. धूम्रपान आणि वजन यांच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. १९८९ मध्ये हर्लीने तीन पायऱ्या ठरवल्या: सुट्या गाठी, मग भुयारं आणि व्रण, मग सगळा भागच भुयारांनी पोखरलेला.

आपल्याकडे काखेतल्या गळवाला काखमांजरी म्हणतात आणि उष्णतेवर ढकलतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला लोकलमध्ये वरची कडी धरता येत नव्हती. "डॉक्टर, मी दोनदा आंघोळ करते हो," हे तिचं पहिलं वाक्य. काखेत जुन्या चिरांचे वण, त्यांच्यामध्ये दोन तोंडांचे ब्लॅकहेड. ती खूण दिसली की मला फार विचार करावा लागत नाही. कुठेतरी तिला टीबीची औषधंही देऊन झाली होती, तपासणी न करता. मला याचा संताप येतो.

चीर देऊन पू काढला की ठणका थांबतो, पण गळू जवळजवळ नेहमीच परत येतं. कारण भुयाराला आतून कातडीचं अस्तर आलेलं असतं, ते आपोआप मिटत नाही. यावरचा उपाय मला फार आवडतो. जागा बधिर करून एका छिद्रातून बोथट सळई घालायची. ती हलकेच सरकते आणि दोन बोटं पलीकडच्या छिद्रातून बाहेर येते. तिच्या रेषेवरचं छप्पर कापून टाकायचं, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, तळ तसाच ठेवायचा. टाके नाहीत. तळाकडून आणि कडांकडून जखम काही आठवड्यांत भरते. टेक्सासच्या मलिन्सने हे १९५९ मध्येच लिहिलं होतं. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशा ८८ जागांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांतल्या ७३ ठिकाणी रोग परतला नव्हता.

औषधंही आहेत. सुरुवातीला क्लिंडामायसिनचं लोशन, डॉक्सिसायक्लिन, पुढे क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन ही जोडी. रिफाम्पिसिन हे टीबीचंही औषध, म्हणून आपल्याकडे आधी टीबी नाही याची खात्री हवीच. अडालिमुमॅब या इंजेक्शनला २०१५ मध्ये या रोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली, सेक्युकिनुमॅबला २०२३ मध्ये. अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती झायडसने २०१४ मध्येच आणली होती, त्यामुळे किंमत उतरली, तरी ती सगळ्यांच्या आवाक्यात नाही. हे इंजेक्शन देण्याआधीही छातीचा एक्सरे आणि टीबीची चाचणी लागते.

त्या मुलीची डावी काख आम्ही उघडली. उजवीकडे अजून एक भुयार आहे, ते परीक्षा संपल्यावर.