निळ्या पाण्याचा रविवार

रात्री कितीही उशीर झाला तरी बाईमाणसानं खुशाल एकटीनं घरी जावं, हाँगकाँगची ख्याती अशी होती. नोकरीसाठी तिथं गेलेली भारतीय कुटुंबं या एका गोष्टीवर वर्षानुवर्षं शहरात टिकली. २०१९च्या जूनमध्ये त्याच शहराच्या रस्त्यांवर ढाली आणि गॅस मास्क घेतलेले दंगलविरोधी पोलीस उभे राहिले.

निमित्त होतं आरोपींना चीनच्या हवाली करण्याची वाट मोकळी करणाऱ्या विधेयकाचं. त्याविरुद्धच्या १६ जूनच्या मोर्चात सुमारे २० लाख लोक होते असं आयोजक सांगतात. पोलिसांचा आकडा ३ लाख ३८ हजारांचा. शहराची लोकसंख्या जेमतेम ७५ लाख. तेव्हा हा मामला मूठभर पोरांचा नव्हता, हे परक्या माणसालाही दिसत होतं.

पुढच्या महिन्यांत बाहेरून आलेल्यांनाही पोलिसांचे फलक पाठ झाले. निळा फलक म्हणजे जमाव बेकायदा, काळा म्हणजे आता अश्रुधूर सुटणार, नारिंगी म्हणजे पांगा, नाहीतर गोळी झाडू. ऑगस्टमध्ये विमानतळ ठप्प झाला, ५ ऑक्टोबरला अख्खी मेट्रो बंद राहिली. ‘हे त्यांचं भांडण, आपण बरं आणि आपलं काम बरं’ हे धोरण तोवर बऱ्याच जणांनी निभावलं होतं.

२० ऑक्टोबरच्या रविवारी ते निभणं अवघड झालं. काही दिवसांपूर्वी मोर्च्यांचा एक आयोजक, जिमी शॅम, याच्यावर हल्ला झाला होता. हल्लेखोर दक्षिण आशियाई दिसत होते अशी बातमी पसरली आणि सगळेच भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी धास्तावले. पण त्या दिवशी नेथन रोडवरून मोर्चा आला तेव्हा चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीच्या दारात याच मंडळींनी मोर्चेकऱ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या. ‘आपण सगळेच हाँगकाँगकर’ अशा घोषणा झाल्या. त्या सबंध वर्षातलं इतकं मोठ्या मनाचं दृश्य दुसरं क्वचितच सापडेल.

त्याच दुपारी जवळच्या कौलून मशिदीसमोर पोलिसांची पाण्याचा फवारा मारणारी गाडी आली. फाटकापाशी मोजकीच माणसं होती, त्यांत भारतीयही. डोळे आणि कातडी झोंबवणारं निळं पाणी त्यांच्या अंगावर, फाटकावर, पायऱ्यांवर पडलं. लोकांनी बादल्या आणि फडकी आणून पायऱ्या पुसून काढल्या. दुसऱ्या दिवशी शहराच्या प्रमुख कॅरी लॅम मशिदीत जाऊन माफी मागून आल्या. ते योग्यच झालं. मात्र पोलिसांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी व्हावी, ही आंदोलकांची रास्त मागणी शेवटपर्यंत मान्य झाली नाही.

२४ नोव्हेंबरच्या जिल्हा परिषद निवडणुकीत ७१ टक्के मतदान झालं आणि लोकशाहीवाद्यांनी १८पैकी १७ परिषदा जिंकल्या. सात वर्षं राहून कायम रहिवासी झालेल्या परदेशी नागरिकालाही तिथं मताचा हक्क होता.

३० जून २०२०ला बीजिंगनं राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू केला. कायम रहिवासी नसलेल्या माणसानं तो मोडला तर त्याला शहराबाहेर काढता येईल, अशी तरतूद त्याच्या ३४व्या कलमात आहे.