जुन्या पुस्तकांवर उभा राहिलेला गाव

१९६२ सालच्या डिसेंबरअखेर हे-ऑन-वायच्या स्टेशनातून शेवटची प्रवासी गाडी सुटली. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरचा, वाय नदीच्या काठचा हा लहानसा बाजारगाव. लोकवस्ती दोन हजारांच्या आत, भोवती मेंढ्यांची कुरणं, गावाच्या मधोमध पडझड झालेला जुना किल्ला आणि दर गुरुवारी भरणारा आठवडी बाजार. त्या दशकात ब्रिटनमधल्या अनेक आडवाटेच्या गावांची रेल्वे गेली, पाठोपाठ दुकानं आणि कामधंदेही गेले, तरुणांनी शहराची वाट धरली. या गावाचंही तसंच होणार, असंच चित्र होतं. आज सर्वांत जवळच्या रेल्वे स्टेशनावरून, म्हणजे हेरफर्डहून, इथे पोहोचायला रस्त्यानं तीसेक किलोमीटर यावं लागतं. तरीही जगभरातली माणसं येतात, आणि ती येतात जुन्या पुस्तकांसाठी.

या बदलाची सुरुवात रिचर्ड बूथ यांनी केली. त्यांचा जन्म १९३८चा, शिक्षण ऑक्सफर्डचं आणि घर हे-ऑन-वायला लागूनच असलेल्या कसप गावात. असा शिकलेला मुलगा लंडनला नोकरी धरणार, हे घरच्यांनी गृहीत धरलेलं असणार. बूथ मात्र गावी परतले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अग्निशमन दलाच्या जुन्या इमारतीत जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं. जिथे गिऱ्हाईकच नाही तिथे पुस्तकं कोण घेणार, असं कुणीही म्हटलं असतं. बूथ यांचा हिशेब उलटा होता. गावातल्या लोकांना पुस्तकं विकायचीच नव्हती. माल जगभरातून आणायचा आणि गिऱ्हाईकही जगभरातून येऊ द्यायचं. गावानं जागा आणि हात पुरवायचे.

मालाची कमतरता नव्हती. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या जुन्या वाड्यांतली ग्रंथसंग्रहालयं मोडीत निघत होती, अमेरिकेतल्या संस्था बंद पडत होत्या, त्यांच्या कपाटांतली पुस्तकं अक्षरशः वजनावर जात होती. बूथ गावातले धट्टेकट्टे गडी बरोबर घेऊन अमेरिकेला जात, ग्रंथालयंच्या ग्रंथालयं विकत घेत आणि कंटेनर भरभरून पुस्तकं गावाला धाडत. ती उतरवायला, निवडायला, मांडायला, फळ्या ठोकायला गावातलीच माणसं लागत. १९६५मध्ये गावातलं बंद पडलेलं सिनेमागृह पुस्तकांनी भरलं. किल्लाही बूथ यांनी विकत घेतला आणि त्याच्या आवारात उघड्यावर फळ्या लावल्या. तिथे विक्रेता नाही. पुस्तक उचलायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. ही विश्वासाची पेटी गावाची ओळखच होऊन बसली.

पण एका माणसाच्या चार दुकानांनी गाव उभा राहत नाही. हे-ऑन-वायच्या गोष्टीतला खरा कळीचा टप्पा पुढचा आहे, आणि तो बहुतेक वेळा बूथ पुढे स्वतःला राजा म्हणवू लागले त्या किश्शांखाली झाकला जातो. बूथ यांच्याकडे काम करता करता धंदा शिकलेल्यांनी आणि बाहेरून आलेल्या इतरांनी आपापली दुकानं काढली. नुसत्या कवितेचं एक, नुसत्या रहस्यकथांचं एक, कुणाकडे नकाशे तर कुणाकडे मुलांची पुस्तकं. सराफकट्ट्यावर एकाशेजारी एक वीस पेढ्या असतात म्हणूनच लोक लांबून तिथे येतात. इथेही तसंच झालं. भरभराटीच्या काळात एवढ्याशा गावात तीसहून अधिक पुस्तकांची दुकानं होती. एका पुस्तकासाठी कुणी अडीचशे किलोमीटर गाडी हाकत नाही, पण तीस दुकानांसाठी हाकतो. आला की जेवतो, मुक्काम करतो, लोकरीचे मोजे घेतो. खाणावळी चालू लागल्या, खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या.

आणि मग १ एप्रिल १९७७. त्या दिवशी बूथ यांनी हे-ऑन-वाय हे स्वतंत्र राज्य असल्याची घोषणा केली आणि स्वतःला राजा म्हणवून घेतलं. डोक्यावर मुकुट, हातात नळाच्या तांब्याच्या नळ्यांपासून बनवलेला राजदंड. त्यांचा घोडा पंतप्रधान झाला. राज्याचे पासपोर्ट निघाले, सरदारक्या आणि उमरावक्या विकल्या गेल्या. वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले धावले, आणि जाहिरातीवर एक पैसा न घालवता गावाचं नाव देशभर पोहोचलं.

ती नुसती गंमत मानली तर बूथ यांच्यावर अन्याय होईल. त्यामागे एक राग होता आणि तो मनापासूनचा होता. ग्रामीण वेल्सच्या विकासासाठी नेमलेली सरकारी मंडळं आणि पर्यटन मंडळ यांच्यावर ते सतत तुटून पडत, पत्रकं काढत. बाहेरून मोठा कारखाना आणायचा, मोठ्या दुकानसाखळ्यांना वाट करून द्यायची आणि त्याला विकास म्हणायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. गावातला पैसा गावात फिरला पाहिजे, गावच्या माणसाला गावात काम मिळालं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. राजा होऊन त्यांनी तो आग्रह असा मांडला की ऐकल्यावाचून कुणाला राहवेना.

व्यवहारात मात्र ते कच्चे होते. खरेदीचा सपाटा अफाट आणि हिशेबाची शिस्त नाही. ऐंशीच्या दशकात त्यांचं दिवाळं निघालं. गाव तरीही बुडाला नाही. तोवर बाजार एकट्या बूथ यांचा राहिलेला नव्हता, तो अनेकांचा झाला होता. एका माणसाच्या ताकदीवर सुरू झालेलं काम त्याच्या पडत्या काळातही उभं राहतं की नाही, ही कोणत्याही गावाच्या प्रयोगाची कसोटी, आणि हे-ऑन-वाय तिला उतरलं.

१९८८मध्ये गावाला दुसरं बळ मिळालं. नॉर्मन, ऱ्होडा आणि त्यांचा मुलगा पीटर या फ्लोरेन्स कुटुंबानं इथे साहित्य महोत्सव सुरू केला. सुरुवातीला अगदी घरगुती असलेला हा महोत्सव वाढत वाढत जगातल्या नामांकित साहित्य मेळ्यांपैकी एक झाला. २००१मध्ये बिल क्लिंटन येऊन बोलून गेले. २०१०मध्ये या महोत्सवाची एक आवृत्ती थेट केरळात, तिरुवनंतपुरमला भरली. मे महिन्याच्या अखेरीस गावात पाय ठेवायला जागा नसते, आसपासच्या खेड्यांतल्या खोल्याही भरून जातात.

बूथ यांना हा महोत्सव कधी रुचला नाही. नवी पुस्तकं, प्रसिद्ध चेहरे आणि प्रायोजक यांचा जुन्या पुस्तकांच्या धंद्याला काय उपयोग, असं ते विचारत. या वादात कुणा एकाची बाजू घेणं कठीण आहे. महोत्सवानं गावाला अशी गर्दी दिली जी जुन्या पुस्तकांनी एकट्यानं कधीच दिली नसती. पण २००५मध्ये वाढत्या व्यापामुळे तो गावाबाहेरच्या मोकळ्या रानात गेला, आणि तंबूतून थेट गाडीकडे वळणारा पाहुणा गावातल्या दुकानाचं गिऱ्हाईक होतोच असं नाही.

दरम्यान इंटरनेट आलं. पूर्वी एखादं दुर्मीळ पुस्तक हवं असेल तर हे-ऑन-वायच्या फळ्या धुंडाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९९६पासून एबबुक्ससारख्या संकेतस्थळांवर हजारो विक्रेत्यांचे साठे घरबसल्या चाळता येऊ लागले आणि दुर्मीळ वाटणाऱ्या कितीतरी पुस्तकांच्या किमती घसरल्या. दुकानांची संख्या वीसच्या आसपास उतरली. २००९मध्ये गावातल्याच काही विक्रेत्यांनी बूथ यांच्या पुतळ्याचा भर रस्त्यात शिरच्छेद केला. राजा आता गावासाठी काही करत नाही, ही त्यांची तक्रार. त्याआधीच, २००४मध्ये, ब्रिटिश सरकारनं पर्यटनातल्या कामाबद्दल त्यांना एमबीई हा सन्मान दिला होता, म्हणजे ज्या व्यवस्थेशी ते आयुष्यभर भांडले तिनंच. २०११मध्ये त्यांनी किल्ला विकला. तो एका विश्वस्त संस्थेनं घेतला, डागडुजी केली आणि २०२२मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. हा दिवस पाहायला बूथ नव्हते. ऑगस्ट २०१९मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते गेले.

त्यांची कल्पना मात्र केव्हाच गावाबाहेर पडली होती. बेल्जियमच्या आर्देन भागातल्या रेदू या खेड्यात १९८४मध्ये गोठ्यांतून आणि कोठारांतून पुस्तकांची दुकानं निघाली. नॉर्वेत हिमनदीच्या पायथ्याशी असलेल्या फियरलांडनं तोच मार्ग धरला. स्कॉटलंडच्या विगटाउनचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे: तिथली दूध डेअरी बंद पडली, दारूची भट्टी बंद पडली, मुख्य रस्त्यावरची घरं ओस पडू लागली. १९९८मध्ये त्या गावाला स्कॉटलंडची राष्ट्रीय पुस्तकनगरी म्हणून मान्यता मिळाली, आणि गावानं ती पाटी नुसती मिरवली नाही. तिथलं एक दुकान तर सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांनाच काही दिवस चालवायला मिळतं, आणि त्यासाठी जगभरातून रांग लागते.

महाराष्ट्रापर्यंत ही वाट भिलारला येऊन पोहोचली. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं, स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जाणारं, स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजींचं हे गाव. हे-ऑन-वायवरून स्फूर्ती घेऊन राज्य सरकारनं ४ मे २०१७ रोजी तिथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केलं. पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तकं: एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात संतसाहित्य, तिसऱ्यात इतिहास. चित्रकारांनी भिंती रंगवल्या. पुस्तकं राज्य मराठी विकास संस्थेची, पण ओसरी, पडवी आणि बाहेरची खोली गावकऱ्यांची. अनोळखी वाचकाला घरात बसू देणं, पाणी विचारणं, कपाट लावून ठेवणं हे सारं त्यांनी आपलं मानलं. गावातल्या घरगुती मुक्कामांना आणि जेवणावळींना त्यातून गिऱ्हाईक मिळालं.

फरक आहे तो धंद्याचा. हे-ऑन-वायमध्ये दुकानदार सकाळी दार उघडतो कारण त्यावर त्याची चूल पेटते. भिलारला पुस्तकं वाचायला ठेवलेली आहेत, विकायला नाहीत, आणि नवी पुस्तकं येणं सरकारी निधीवर अवलंबून आहे. महाराष्ट्रात घराघरांत पडून असलेली जुनी मराठी पुस्तकं, बंद पडत चाललेल्या ग्रंथालयांचे साठे, निवृत्त प्राध्यापकांचे संग्रह यांची कमतरता नाही. ते भिलारला येऊन तिथल्याच तरुणांच्या हातून विकले जाऊ लागले, तर पर्यटकांच्या पिशवीत स्ट्रॉबेरीच्या खोक्याबरोबर एखादी जुनी कादंबरीही जाईल आणि तिचे पैसे गावात राहतील. सरकारनं पुढे पोंभुर्ले, वेरूळ, नवेगाव बांध, अंकलखोप अशा गावांतही ही योजना नेण्याचं ठरवलं. पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव, म्हणजे मराठी वृत्तपत्राच्या जनकाचं. जुन्या नियतकालिकांचे अंक शोधत येणाऱ्या अभ्यासकांसाठी पहिलं दुकान तिथे निघायला हरकत नाही.