सॉफ्टवेअर उद्योग, सहकार्य आणि शासकीय धोरण : पुणे व शिवरे यांच्या संदर्भात विवेचन

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर भोर तालुक्यातील शिवरे हे गाव लागते. महामार्ग दाराशी आहे आणि पुणेही दूर नाही. तथापि पुण्याचा नावाजलेला सॉफ्टवेअर उद्योग हिंजवडी, खराडी, मगरपट्टा अशा शहरातील व शहरालगतच्या भागांतच एकवटलेला आहे. असे का व्हावे, आणि धोरण व सहकार्य यांच्या योगे हे चित्र कितपत पालटू शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या आज्ञावल्यांचा समूह होय. या उद्योगाला कोळसा लागत नाही, खनिज लागत नाही. शिकलेली माणसे हेच त्याचे मुख्य भांडवल. सबब तो कोठेही वाढू शकेल, असा समज सहज होतो. पुण्याचा अनुभव मात्र निराळा आहे.

१९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९८३ साली आपले मुख्य ठाणे बंगळूरला हलविले. केवळ बुद्धिमान माणसे असली म्हणजे उद्योग गावी टिकतोच असे नाही, हे यावरून ध्यानी येते. त्याच १९८१ साली टाटा समूहाने पुण्यात संशोधन व अभिकल्प केंद्र उभारले. १९८८ साली केंद्र शासनाने प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन केले व तेथे १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. १९९० मध्ये पर्सिस्टंट ही कंपनी येथेच निघाली. शिक्षणसंस्था, शासकीय संशोधन आणि खाजगी उद्यम अशा रीतीने एकाच नगरीत एकत्र आले.

परंतु परदेशी ग्राहकाचे काम येथे बसून करावयाचे, तर वेगवान दळणवळण हवे. त्याचा खर्च एकेकट्या लहान कंपनीच्या आवाक्याबाहेरचा होता. १९९१ साली स्थापन झालेल्या 'सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया' या केंद्रीय संस्थेने ही अडचण दूर केली. उपग्रहाद्वारे होणारे दळणवळण तिने अनेकांना सामाईक उपलब्ध करून दिले. निर्यातदारांना यंत्रसामग्री आयातशुल्काविना आणता येऊ लागली. आयकराची सवलतही होती. ती ३१ मार्च २०११ रोजी संपली. उद्योग मात्र संपला नाही. कारण तोवर सवलतीखेरीज अन्य मुळे त्याने धरली होती.

राज्य शासनानेही १९९८ पासून वेळोवेळी माहिती तंत्रज्ञान धोरणे जाहीर केली. अलीकडचे धोरण २०२३ चे आहे. या धोरणांतील ठळक सवलती म्हणजे वाढीव चटईक्षेत्र, मुद्रांक शुल्कातील सूट आणि औद्योगिक दराने वीज. येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घेतली पाहिजे. वाढीव चटईक्षेत्राचे मोल जमिनीच्या भावाप्रमाणे ठरते. जेथे जमीन दुर्मिळ व महाग, तेथे ही सवलत मोठी. जेथे मोकळी जागा मुबलक, तेथे ती जवळजवळ निरर्थक. मुद्रांक शुल्काचेही असेच. अर्थात् सवलत सर्वांना समान दिसली, तरी तिचा ओघ आपोआप शहराकडेच वळतो. शिवऱ्यासारख्या गावाला इमारतीचे साहाय्य नको आहे. त्याला माणसे घडविणारे साहाय्य हवे आहे.

असे साहाय्य कोणत्या स्वरूपाचे असावे, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात सापडते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील यांचे संघटन, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन आणि शासनाचा पाठिंबा यांचा मिलाफ झाला होता. ऊस आणि आज्ञावली यांत साम्य नाही, हे खरे. ऊस शेताजवळच गाळावा लागतो. शिकलेला तरुण मात्र बस पकडून शहरात जातो. तथापि एकट्याला न पेलणारे साधन अनेकांनी मिळून उभारावे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

या दृष्टीने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, भोर-वेल्हे भागासाठी अखंड वीज व भरवशाचे जाळे असलेले एक सामाईक कार्यस्थान असावे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या, २०११ साली मंजूर झालेल्या केंद्रीय योजनेचा उपयोग त्यासाठी व्हावा. दुसरी, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली महाविद्यालये व कंपन्या यांनी करार करावेत. विद्यावेतनाचा काही भार केंद्र शासन उचलतेच. तिसरी, १९३४ पासून कार्य करणारे पुण्याचे मराठा चेंबर, विद्यापीठ व स्थानिक संस्था यांनी मिळून अभ्यासक्रमाची वेळोवेळी तपासणी करावी. कारण या क्षेत्रात ज्ञान लवकर जुने होते.

यांपैकी एकच गोष्ट केल्यास फळ येणार नाही. जाळे आहे पण शिक्षण नाही, तर खोली रिकामी राहील. शिक्षण आहे पण काम नाही, तर तरुण गाव सोडील. त्याने जाऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जाणे ही त्याची निवड असावी, निरुपाय नसावा. धोरणाची कसोटी किती मजले उभे राहिले ही नसून, शिवऱ्याच्या तरुणापुढे किती वाटा खुल्या झाल्या, हीच होय.