दोनशे तासांनंतरची वाट

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यात सोयाबीनची रास झालेली असते. काही कट्टे मोंढ्यावर जातात, काही भाव वाढेल या आशेने घरातच थप्पीला लागतात. वर्षाचा हिशेब याच दिवसांत मांडला जातो: कृषी सेवा केंद्राची उधारी, पीककर्ज, एखादं लग्न आणि पोरांचं पुढचं शिक्षण. लातूर-नांदेडकडे हे 'पुढचं शिक्षण' बराच काळ दोनच वाटांनी गेलं, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. लातूर पॅटर्न त्यावरच उभा राहिला आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांच्या गल्ल्याही त्यावरच भरल्या. अलीकडे मात्र अकरावी-बारावीच्या मुलांकडून, आणि आता मुलींकडूनही, तिसरा शब्द ऐकू येतो: पायलट.

त्यापाठोपाठ वडिलांचा प्रश्न येतो, 'किती लागतात?' आकडा कळला की दुसरा प्रश्न येतो, 'एवढे घालून नोकरी लागते का?' या दुसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर या घरांना मिळायला हवं, कारण पणाला लागणारी गोष्ट बहुधा जमीन असते.

नांदेडच्या धावपट्टीने काय पाहिलं

या व्यवसायाचा स्वभाव समजून घ्यायला मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडच्या विमानतळाचा कायापालट झाला. धावपट्टी २,३०० मीटरची झाली, नवं टर्मिनल उभं राहिलं आणि किंगफिशरची विमानं येऊ लागली. २०१२ च्या ऑक्टोबरात ती कंपनी बंद पडली. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेचा आरंभ झाला, तेव्हा पहिल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होतं. ते विमान ट्रूजेटचं होतं. २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणंही थांबली. २०२४ मध्ये स्टार एअरने नांदेड पुन्हा मोठ्या शहरांशी जोडलं.

कंपनी बुडाली की प्रवासी रेल्वेने किंवा ट्रॅव्हल्सने जातो. त्या कंपनीचा वैमानिक मात्र हप्ते डोक्यावर घेऊन दुसरी कंपनी शोधतो. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा हजारो घरांनी हे भोगलं. अनुभवी कॅप्टनला थोड्याफार दिवसांत जागा मिळते. नुकताच परवाना घेतलेल्या मुलाची पंचाईत होते, कारण रांगेत त्याच्यापुढे आता अनुभवी माणसं उभी असतात. म्हणून या करिअरचा विचार करताना चढ-उतार अपवाद समजू नये. शेतीत जसा दुष्काळ गृहीत धरावा लागतो, तसाच इथे मंदीचा काळ धरावा लागतो.

परवाना कसा मिळतो

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना म्हणजे सीपीएल. तो नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देतं. त्यासाठी वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागतं. आपल्याकडे इथेच पहिली ठेच लागते. नीटच्या तयारीसाठी असंख्य मुलं गणित सोडून जीवशास्त्र घेतात. अशांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून गणिताची परीक्षा देता येते, पण हे आधी कळलं तर वर्ष वाचतं.

पुढे हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचं तांत्रिक ज्ञान या विषयांच्या परीक्षा येतात. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना काढावा लागतो. इंग्रजीची ठरावीक पातळी गाठावी लागते. मराठी माध्यमाच्या मुलाने याची धास्ती घेऊ नये. साहित्यिक इंग्रजी इथे कोणी मागत नाही. घाईच्या क्षणी नियंत्रकाचं बोलणं अचूक समजणं आणि तितक्याच अचूकपणे उत्तर देणं, एवढंच हवं असतं, आणि ते सरावाने येतं.

यानंतर मुख्य अट येते ती २०० तासांच्या उड्डाणाची. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःच्या हाती असताना व्हावे लागतात. लांब पल्ल्याची, केवळ उपकरणांच्या आधारे केलेली आणि रात्रीची उड्डाणंही त्यात येतात. प्रशिक्षणासाठी आता महाराष्ट्राबाहेर जायलाच हवं असं नाही. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय पातळीची संस्था आहे. नागपूर फ्लाइंग क्लब जुना आहे. बारामती, शिरपूर, धुळे, जळगाव इथे प्रशिक्षण चालतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची शाळा उभी करायला घेतली आहे.

मात्र जवळची संस्था चांगलीच असेल असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांच्या आत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. २०२५ मध्ये डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली, तेव्हा वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. १३ संस्था 'बी'मध्ये आणि २२ 'सी'मध्ये गेल्या. प्रवेशापूर्वी पालकांनी तीन गोष्टी प्रत्यक्ष जाऊन विचाराव्यात. उडण्याच्या स्थितीतली विमानं किती, शिक्षक किती आणि विद्यार्थी किती? मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले? आणि फी एकरकमी मागतात की उड्डाणाच्या टप्प्यांनी? दीड वर्षात होणारं काम विमानांच्या कमतरतेमुळे तीन वर्षांवर जाऊ शकतं, आणि त्या काळात खर्च थांबत नाही.

सोयाबीनच्या भाषेत हिशेब

भारतात सीपीएलला साधारण पन्नास ते साठ लाख रुपये लागतात. एवढ्यावर प्रवासी विमानात बसता येत नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, घ्यावं लागतं. त्याचा, राहण्या-जेवणाचा आणि अधल्यामधल्या परीक्षांचा खर्च धरला की आकडा कोटीच्या आसपास जातो. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांना एक कोटीहूनही जास्त लागतात. तिथे नोकरीचा मार्ग जरा सरळ असतो, तरी त्या नियुक्तीलाही अटी असतात.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने एक कोटी म्हणजे जवळपास १,८७७ क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर सुमारे २३५ एकरांची एका हंगामाची रास. बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांचा पैसाही त्यात आला, आणि बाजारात हमीभाव मिळतोच असं नाही.

कर्जाचंही असंच. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक बहुधा तारण मागते. साठ लाखांचं कर्ज साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे ८१ हजारांचा बसतो. परवाना हातात घेऊन मुलगा एक वर्ष नोकरीविना बसला, तर त्या वर्षाचं नुसतं व्याज सव्वासहा लाखांच्या घरात जातं. माहितीपुस्तिकेत फी छापलेली असते, वाट पाहण्याची किंमत छापलेली नसते. घराचं कंबरडं मोडतं ते याच न छापलेल्या आकड्याने.

तुटवडा कोणाचा आहे?

'देशाला हजारो पायलट लागणार' ही बातमी खोटी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील, असं सरकार सांगतं.

पण विमानं एका दिवसात येत नाहीत, आणि आज खरी टंचाई आहे ती कॅप्टनांची. त्यासाठी वरचा परवाना लागतो, त्याला किमान १,५०० तास लागतात आणि तिथवर पोचायला सहवैमानिकाच्या खुर्चीत कित्येक वर्षं काढावी लागतात. त्या खुर्चीच्या दाराशी मात्र गर्दी आहे. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले, २०२४ मध्ये तेराशेहून जास्त. या मुलांतल्या काहींना लगेच जागा मिळते, काहींना वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं. दरम्यान सराव सुटू नये म्हणून उड्डाण करत राहायचं, तर त्याचेही पैसे पडतात.

एकदा आत शिरल्यावर चित्र पालटतं. मोठ्या कंपनीत सहवैमानिकाला महिन्याला साधारण दीड-दोन लाखांपासून सुरुवात मिळते, कॅप्टनची मिळकत पाच लाखांच्या पुढे जाते. वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत उड्डाण करता येतं. एवढं मोठं आणि मानाचं उत्पन्न देणारे व्यवसाय आपल्याकडे मोजकेच आहेत. यंत्र वैमानिकाची जागा घेईल अशी भीतीही मुलं बोलून दाखवतात. युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये अभ्यासांती निष्कर्ष काढला की, दीर्घ उड्डाणात कॉकपिटमध्ये एकाच वैमानिकाला ठेवणं आजच्या घडीला दोघांइतकं सुरक्षित ठरत नाही. दुसरी खुर्ची इतक्यात रिकामी होणार नाही.

खुर्चीत बसल्यावर

पगारासोबत येणारं जगणंही मुलांना सांगायला हवं. रात्री दोनला उठून विमानतळ गाठायचा, दिवाळीची पहिली अंघोळ परक्या गावातल्या हॉटेलात करायची. थकलेल्या वैमानिकामुळे विमान धोक्यात येतं, म्हणून डीजीसीएने आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली. डिसेंबर २०२५ मध्ये या नियमांशी वेळापत्रक न जुळल्याने इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. थकवा ही किती गंभीर बाब आहे, ते तेव्हा साऱ्या देशाला कळलं. शिवाय ठरावीक काळाने वैद्यकीय चाचणी असते आणि दर सहा महिन्यांनी कौशल्याची परीक्षा. निवृत्त होईपर्यंत विद्यार्थीच राहायची तयारी असलेल्याने या वाटेला जावं.

मुलींच्या आईवडिलांनी तर मुळीच कचरू नये. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता-सिलचर मार्गावर फोकर विमान नेलं, तेव्हा त्यातले सगळे कर्मचारी स्त्रिया होत्या. आज भारतीय वैमानिकांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट.

पैसे नसतील तर

कोटभर रुपये नसलेल्या घरातल्या मुलालाही आकाश खुलं आहे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वप्रशिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. एनडीए किंवा पदवीनंतर एएफसीएटी परीक्षेतून हवाई दलात निवड झाली, तर देश स्वतःच्या खर्चाने वैमानिक घडवतो. 'महाज्योती'ने इतर मागासवर्गीय मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षणाची योजना आखली; अशा जाहिरातींवर डोळा ठेवावा. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी घेऊन हवाई वाहतूक नियंत्रक होता येतं. तेही विमानांच्याच दुनियेतलं, जबाबदारीचं काम आहे.

मग करावं का?

माझं उत्तर होकाराचं आहे, पण त्याला एक अट आहे. परवान्यानंतरची दोन वर्षं बिनपगारी गेली तरी घर उभं राहील, एवढी सोय असेल तरच खासगी वाट धरावी. फीची तरतूद झाली म्हणजे तयारी झाली असं नाही. घरातली एकुलती एक जमीन विकून तर हे पाऊल कधीच उचलू नये, कारण विकलेली जमीन परत मिळत नाही आणि तिचं ओझं तो मुलगा प्रत्येक मुलाखतीला सोबत घेऊन जातो. त्यापेक्षा आधी पदवी घ्यावी, हवाई दलासाठी प्रयत्न करावा. एवढं झाल्यावरही चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी सीपीएलला सुरुवात केली तर उशीर झालेला नसतो.

आणि क्रम चुकवू नये. सर्वांत आधी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून क्लास टू मेडिकल. चष्मा बऱ्याचदा अडवत नाही, पण रंग ओळखण्यातला दोष, कानाचा किंवा हृदयाचा विकार अडवतो, आणि असे दोष त्या मुलालाही ठाऊक नसतात. त्यानंतर घरी राहून लेखी परीक्षा. त्या निघाल्या, तर मुलाची चिकाटी सिद्ध होते. संस्था आणि पैसे यांचा विचार त्याच्याही नंतर. पहिल्या दोन पायऱ्यांना लागणारा पैसा एकूण खर्चाच्या मानाने अगदी थोडा असतो, आणि मोठ्या निर्णयाचं अर्धं उत्तर तिथेच मिळून जातं.

यंदाच्या दिवाळीत तुमच्या घरात कोणी 'मला पायलट व्हायचंय' म्हणालं, तर त्याला गप्प करू नका आणि लगेच जमिनीला गिऱ्हाईकही शोधू नका. सात-बारा कपाटातच राहू द्या. भाऊबीज झाली की पोराला घेऊन आधी डॉक्टरकडे जा.