नेमाची दुर्बीण: किती 'एक्स'ची आणि किती खर्चाची?

पिंप्राळ्यातल्या आजच्या व्याख्यानाचा विषय तसा छोटा दिसतो. रायफलवर बसवायचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, कमी पैशात कशी निवडावी आणि ती किती पटीची असावी? विषय छोटा असला तरी पैसा घरचा जातो आणि पोराचं वर्षही जातं. म्हणून आपण तो नीट, आकड्यांसकट समजून घेऊ. गणित पाचवीच्या भागाकारापलीकडे जाणार नाही, त्यामुळे घाबरू नका.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. अंतिम फेरीत त्याचे गुण होते ४५१.४. या प्रकारात भारताला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. हा मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, म्हणजे भुसावळ ज्या रेल्वेत येतं त्याच रेल्वेतला. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं होतं. अशा बातम्या आल्या की आपल्याकडचे आईवडील विचारतात, "आमच्या पोरालाही नेमबाजी करायची आहे. स्कोप कोणता घेऊ?"

यातली पहिली गोष्ट नीट लक्षात घ्या. या दोघांनी ज्या स्पर्धांत पदकं मिळवली, त्यांत रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगीच नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल स्पर्धांत डोळ्याजवळ बारीक भोकाची पीप साइट असते आणि नळीच्या टोकाला गोल कडी असते. मोठं करून दाखवणारं भिंग नसतं. ५० आणि ३०० मीटरच्या स्पर्धेत बाजूला स्टँडवर वेगळी दुर्बीण ठेवता येते, पण ती गोळी कुठे लागली आणि वारा कसा आहे हे बघायला. ती रायफलीला जोडलेली नसते. तेव्हा ज्या पोराला जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा वाटेने जायचं आहे, त्याच्यासाठी स्कोप घेऊच नका. ते पैसे छर्‍यांवर, नेमबाजीच्या जॅकेटवर आणि चांगल्या प्रशिक्षकावर घाला.

मग स्कोप कोणासाठी? ज्यांना कागदी लक्ष्यावर लांबून, टेकू देऊन, निवांत नेम साधायचा आहे त्यांच्यासाठी. परदेशात एफ-क्लास, बेंचरेस्ट, फील्ड टार्गेट असे स्कोपचेच खेळ आहेत. एफ-क्लासमध्ये ३०० मीटरपासून पुढे थेट हजारापर्यंत नेम धरतात. आपल्याकडे सामान्य माणसाच्या हातात बहुतेक वेळा ०.१७७ ची, म्हणजे ४.५ मिलिमीटर छर्‍याची एअरगन असते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते. पॉइंट टू टू रायफलीला मात्र परवाना लागतोच. खरेदीआधी चालू नियम पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आणि पाखरं, खारी यांच्यावर नेम धरायचा नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, पण त्याच्याही आधी माणुसकी आहे.

आता मुद्द्यावर येऊ. स्कोपवर ३-९x४० असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे म्हणजे वस्तू ३ पट ते ९ पट मोठी दिसेल. शेवटचा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, ४० मिलिमीटर. दुकानात गेलं की आपला हात आपोआप ६-२४x५० कडे जातो. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं वाटतं. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

किती पट पुरेशी, हे मोजता येतं. चांगल्या डोळ्याला साधारण १ मिनिटाच्या कोनाएवढा तपशील दिसतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे १ मिनिट. १०० मीटरवर हा कोन २.९ सेंटीमीटर भरतो. छर्‍याचं भोक नुसतं भासून चालत नाही, नीट दिसायला ते किमान ३ मिनिटांचं दिसायला हवं. म्हणजे साधारण दोन मीटरवर ठेवलेला मोहरीचा दाणा. या हिशेबाने ४.५ मिलिमीटरचं भोक बघायला सोपा नियम निघतो: मीटरमधल्या अंतराला ५ ने भागा. २५ मीटरला ५ पट, ५० मीटरला १० पट, १०० मीटरला २० पट. पॉइंट टू टूचं भोक ५.६ मिलिमीटरचं, म्हणून तिथे १०० मीटरला १६ पटही पुरते.

आणि हा वरचा आकडा आहे, खालचा नाही. भोक बघायला एवढी पट लागते, नेम धरायला नाही. ५० मीटरच्या स्पर्धेच्या लक्ष्यावरचं काळं वर्तुळ ११.२४ सेंटीमीटरचं असतं, ते नुसत्या डोळ्यालाही स्वच्छ दिसतं. आत दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं आहे. स्वप्नील तिथे पट न वाढवता नेम धरतो. तुम्हाला १० पट मिळाली तर ती चैनच समजा.

पट वाढवली की नेम सुधारतो, हा समज काढून टाका. हात जेवढा हलतो तेवढाच हलतो. ४ पटीत तो थोडा हलताना दिसतो, २४ पटीत भूकंप झाल्यासारखा दिसतो. नवखा माणूस ते बघून घाबरतो, काट्याने लक्ष्य ओलांडायच्या क्षणाला घाईने घोडा दाबतो आणि गोळी फेकली जाते. दुर्बीण हात स्थिर करत नाही. तो टेकू आणि सराव करतो.

पट वाढली की आणखी तीन गोष्टी कमी होतात.

पहिली गोष्ट उजेड. भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत येतो. ४० भागिले १० म्हणजे ४ मिलिमीटर, छान. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २.१. त्यात भिंगं स्वस्त असतील तर चित्र मळकट होतं, आणि डोळा केसभर सरकला की सगळं काळं होतं.

दुसरी गोष्ट दिसणारा टापू. ९ पटीला १०० मीटरवर साधारण साडेचार मीटर रुंदी दिसते. २४ पटीला दीड मीटर, म्हणजे आपल्या केळीच्या बागेतल्या दोन खोडांमधल्या अंतराएवढीच. लक्ष्य शोधण्यातच दम निघतो.

तिसरी गोष्ट आपल्या खानदेशाची. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर महामार्गाच्या डांबरावर पाणी चमकताना आपण सगळ्यांनी बघितलं आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि प्रकाश वाकडा येतो. २० पटीच्या दुर्बिणीत लक्ष्य अक्षरशः उकळताना दिसतं. कितीही महाग भिंग घेतलं तरी हे जात नाही, कारण दोष हवेत असतो. म्हणून जळगाव-धुळ्याकडच्या माणसाने सकाळी उन्हं चढायच्या आत सराव करावा आणि चित्र उकळायला लागलं की पट खाली आणावी. १०-१२ च्या वरची पट आपल्याकडे वर्षातले कितीतरी दिवस नुसती शोभेची राहते. एक फायदा मात्र आहे. ही थरथर ज्या बाजूला वाहताना दिसते, वारा त्याच बाजूला जातोय असं समजावं.

आता स्वस्त स्कोपमध्ये पैसा खरा कुठे लावायचा, ते बघू.

पॅरलॅक्स हा शब्द ऐकून दचकू नका. चालत्या गाडीतून जवळचा खांब मागच्या झाडावरून सरकताना दिसतो, तीच ही गोष्ट. स्कोप एका ठराविक अंतरासाठी जुळवलेला असतो. त्याहून वेगळ्या अंतरावर बघताना डोळा हलला की काटा लक्ष्यावरून सरकतो. बरेच स्वस्त स्कोप १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला जुळवलेले असतात. ४० मिलिमीटर भिंगाचा असा स्कोप ५० मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तर ९ मिलिमीटरपर्यंत चूक होते. २५ मीटरवर तीच चूक साडेचौदा मिलिमीटरची. दहाचं वर्तुळ १०.४ चं आहे, हे आठवा. बंदूक निर्दोष, हात स्थिर, तरी गोळी बाहेर. म्हणून एअरगनसाठी अंतर जुळवायची सोय असलेलाच स्कोप घ्या. पुढच्या भिंगावर फिरणारी कडी किंवा बाजूला चाक असतं. ती १० मीटरपर्यंत खाली येते का ते बघा.

दुसरी परीक्षा मजबुतीची. स्प्रिंगची एअरगन आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी धक्का देते. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपही असल्या एअरगनवर काही दिवसांत खिळखिळा होऊ शकतो. 'स्प्रिंग एअरगनसाठी' असं कंपनीने लिहून दिलं असेल तरच घ्या.

तिसरी परीक्षा क्लिकची. वरच्या आणि बाजूच्या टोप्या फिरवल्या की टकटक आवाज येतो. बहुतेक स्कोपमध्ये एक टक म्हणजे पाव मिनिट. ५० मीटरवर ते साधारण ३.६ मिलिमीटर होतं. मिलच्या स्कोपमध्ये ०.१ मिलचा एक टक १०० मीटरवर बरोबर १ सेंटीमीटर सरकतो. शाळेत सेंटीमीटर शिकलेल्या आपल्या लोकांना हाच हिशेब सोपा जातो. खात्री अशी करा: स्कोप घट्ट आवळून धरा, ५० मीटरवर मोजपट्टी लावा, ४० टक वर फिरवा. काटा साधारण साडेचौदा सेंटीमीटर सरकला पाहिजे. मग ४० टक उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. काटा निघाला तिथेच परत आला, तर स्कोप विश्वासाचा. नाही आला, तर कितीही चकचकीत असो, परत करा. घेतानाच परतीची मुदत लिहून घ्या.

चौथी गोष्ट माउंट. स्कोप धरणार्‍या कड्या हलक्या असतील तर वरचं सगळं फुकट. एअरगनवर बहुतेक वेळा ११ मिलिमीटरची खाच असते, तिला बसणारं आणि मागे सरकू न देणारं माउंट घ्या. आमचा ठोकताळा असा: ठरवलेल्या रकमेचे चार भाग करा. दोन भाग स्कोपला, एक माउंटला, एक छर्‍यांना. पहिला भाग वाढवायला छर्‍यांचा भाग खाऊ नका.

काही प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं देतो.

"३० मिलिमीटरची नळी जास्त उजळ असते ना?" नाही. उजेड पुढचं भिंग, काचेची प्रत आणि पट यांवर ठरतो. जाड नळीत काटा वर-खाली सरकवायला जास्त जागा मिळते. ती खूप लांबच्या अंतराला कामाची, ५० मीटरला नाही.

"पट बदलली की काट्यावरच्या खुणा चुकतात, असं का?" स्वस्त स्कोपमध्ये काटा मागच्या बाजूला असतो. पट बदलली तरी तो तेवढाच दिसतो, म्हणून खुणांचं माप एकाच पटीला खरं असतं. २४ ला खरं असेल तर १२ ला प्रत्येक खूण दुप्पट अंतर दाखवते. ठरलेल्या अंतरावरच्या कागदासाठी याने काही बिघडत नाही. त्याकरता जादा पैसे देऊ नका.

"मग एका वाक्यात सांगा, कोणता घेऊ?" एअरगन आणि २५ ते ५० मीटर असेल तर अंतर जुळवता येणारा ३-९x४० किंवा ४-१२x४०. परवान्याची पॉइंट टू टू आणि १०० मीटर असेल तर ४-१६ च्या आसपासचा. ६-२४ तेव्हाच, जेव्हा ३०० मीटरची अधिकृत रेंज तुम्हाला खरोखर मिळते आणि टेकूवर तुमचा हात बसलेला आहे.

आणि शेवटी सुरक्षिततेचं. स्कोपमधून सूर्याकडे चुकूनही बघायचं नाही, डोळा कायमचा जाईल. बंदुकीवर बसवलेला स्कोप दुर्बीण म्हणून माणसांवर, घरांवर फिरवायचा नाही, कारण स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. लक्ष्यामागे मातीचा भक्कम बांध असल्याशिवाय एकही छर्रा सोडायचा नाही. गच्चीवरून तर नाहीच. एवढं पाळलं तर साधा ९ पटीचा स्कोपही तुम्हाला वर्षानुवर्षं पुरेल.