कॅम्पर व्हॅनमधले टॉयलेट : वास, मैला आणि तब्येत

गाडीतच टॉयलेट असले की गुडघेदुखी, प्रोस्टेट किंवा मधुमेह असलेल्या ज्येष्ठांनाही लांबचा प्रवास जमतो. तरी अशा सहलीहून काही जण लघवीची जळजळ किंवा बद्धकोष्ठता घेऊनच परततात. खोदून विचारले की कळते, गाडीत वास नको म्हणून ते पाणी कमी प्यायले होते आणि शौचाची भावना दाबून ठेवत होते. हा उपाय उलटा आहे. पाणी कमी प्यायले की लघवी दाट होते आणि तिचा वास वाढतो.

वास कशामुळे येतो?

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. टाकीतले जिवाणू लघवीतल्या युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. बंद टाकीत मैला हवेविना कुजला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. दोन्ही क्रिया उष्णतेने वेगाने होतात. एप्रिल-मेमध्ये कोकणात उन्हात उभी असलेली गाडी म्हणजे त्यांना आयते आमंत्रणच.

एका प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण दीड लिटर लघवी होते. चौघांची सहा लिटर, शिवाय फ्लशचे पाणी. २० लिटरची टाकी दोन दिवसांत भरते. उन्हाळ्यात ती भरण्याची वाट न पाहता रोज रिकामी केलेली बरी. घाट चढल्यावर किंवा उन्हात टाकीतल्या हवेचा दाब वाढतो. म्हणून बसण्याआधी झाकण बंद ठेवूनच खालची झडप क्षणभर उघडा, नाहीतर अंगावर शिंतोडे उडतात.

वास घालवताना होणारा धोका

डॉक्टर म्हणून मला वासापेक्षा त्यावरच्या घरगुती उपायांची जास्त काळजी वाटते. घरातला आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. साठलेल्या लघवीतल्या अमोनियावर ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकली, तर क्लोरामाइन नावाचे विषारी वायू सुटतात. मोठ्या हवेशीर न्हाणीघरातही हे वाईटच, गाडीच्या एवढ्याशा जागेत तर फार धोक्याचे. डोळे चुरचुरू लागले, खोकला आला, छाती आवळल्यासारखी वाटली तर सर्वांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे. डोळे १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावेत. धाप लागत असेल, किंवा त्या व्यक्तीला दमा असेल, तर थेट रुग्णालय गाठावे, कारण फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनंतरही दिसू शकतो.

टाकीत फक्त पोर्टेबल टॉयलेटसाठी बनवलेले द्रावण, बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच घाला. घरात दम्याचा रुग्ण असेल तर फॉर्मल्डिहाइड नसलेले घ्या. रूम फ्रेशनर वास फक्त झाकतो. उदबत्ती तर नकोच, बंद गाडीत धुराची भर कशाला?

टाकी कुठे आणि कशी रिकामी करायची?

सेप्टिक टँकला किंवा गटारवाहिनीला जोडलेल्या संडासात, तिथल्या लोकांना विचारून. ओढा, समुद्रकिनारा, शेत किंवा विहिरीचा परिसर, कुठेही नाही. कावीळ (हिपॅटायटिस ए आणि ई), टायफॉइड, कॉलरा हे सगळे मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातूनच पसरतात, आणि ते पाणी पिणारे कुटुंब तुम्हाला कधी दिसतही नाही.

हे काम घरातल्या धडधाकट माणसाने हातमोजे घालून करावे. टाकी सावकाश ओता. विसळलेले पाणीही त्याच संडासात जाऊ द्या, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नको. पिण्याचे पाणी भरायची नळी टाकी धुवायला कधीही वापरू नका. ही चूक सहज होते. शेवटी साबण-पाण्याने किमान २० सेकंद हात धुवा. मळलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि जुलाब घडवणाऱ्या काही विषाणूंवर त्याचा प्रभाव कमीच पडतो. डायपर आणि पॅड टाकीत न टाकता वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा.

प्रवासात कुणाला जुलाब झाले तर टाकी त्याच दिवशी रिकामी करा. बैठक, झडपेचा दांडा आणि दाराची कडी प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्याने पुसा. त्या व्यक्तीने स्वयंपाकाला हात लावू नये. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा, अर्धे पाकीट ग्लासात नको. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी फारच कमी होणे किंवा गुंगी यांपैकी काही दिसले तर सहल थांबवून डॉक्टरांकडे जा.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती प्रवासात आपल्या मनाने बंद करू नका. तिची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळा. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना लघवीची भावना असूनही लघवी होत नसेल आणि ओटीपोट फुगून दुखत असेल, तर पुढच्या मुक्कामाची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठा.