व्यक्तिचित्रात तेल नंतर, टोन आधी

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र आहे. ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र, असं आजही कितीतरी जण सांगतात. प्रत्यक्षात ते मूळ सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. हा घोळ मला फार बोलका वाटतो. चेहऱ्यावरचा तो उजेड तेलामुळेच आला असणार, असं आपण धरून चालतो. तो येतो उजेडापासून सावलीपर्यंतच्या अचूक टोनमधून.

नवशिका मात्र आधी कातडीच्या रंगाची ट्यूब शोधतो. ती घेऊच नये. स्वीडिश चित्रकार आंदेर्स झोर्न यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅलेटवर चारच रंग असतात: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक. काळ्यात पांढरा मिसळून ऑकरशेजारी लावून बघा, चक्क निळसर दिसतो! दाढीच्या जागेची थंड छटा त्यातूनच निघते. सावळ्या चेहऱ्यालाही हेच रंग चालतात, प्रमाण तेवढं बदलतं.

साम्य डोळ्यांत असतं म्हणून आधी पापण्या कोरणारे पुष्कळ. पण ओळखीचा माणूस आपण लांबूनही ओळखतो, तेव्हा पापण्या कुठे दिसतात? दिसतात ते कपाळ, गाल, जबडा यांचे मोठे आकार. डोळे किलकिले करून आधी तेच पकडायचे. बुबुळाभोवतीचा भागही पांढराशुभ्र नसतो. पापणीची सावली पडल्याने तो करडा असतो; तिथे शुद्ध पांढरा भरला, की माणूस दचकलेला दिसतो.

रेम्ब्रांटकडे गुप्त तेल होतं, ही आणखी एक लाडकी कथा. लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्याच्या चित्रांची रासायनिक तपासणी केली, तेव्हा आढळलं ते मुख्यतः साधं जवसाचं तेल.

हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. हाताला कोरडा लागणारा थर आत ओला असू शकतो. म्हणून खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट केलं तर पुढे तडे जातात. वॉर्निशसाठीही सहा महिने ते वर्षभर थांबायची रीत आहे.

सुरुवात करणाऱ्याने पहिले हेड स्टडी नुसत्या बर्न्ट अंबर आणि पांढऱ्यातच करावेत. अंबर लवकर वाळतो, आणि रंगाची भुरळ नसल्यामुळे टोन कुठे चुकला ते लगेच कळतं.